बुरशीची वहिवाट

ज्या मुलुखात वर्षाकाठी जेमतेम वीस इंच पाऊस पडतो, जेथे आषाढातही आकाशाकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत थेंबापेक्षा धूळच आधी जाते, आणि जेथली म्हातारी माणसे आपल्या आयुष्याची कालगणना शकाने किंवा सनाने न करता दुष्काळांनी करतात, त्या बारामती-इंदापूरच्या मुलुखात कागदाला बुरशी लागते असे कोकणातल्या माणसाला सांगितले, तर तो आपली थट्टा चालली आहे असेच समजेल. कोकणात बुरशी ही घरातलीच एक व्यक्ती असते; ती श्रावणात येते, चामड्याच्या पट्ट्यावर, पापडांवर आणि देवघरातल्या पोथ्यांवर माहेरवाशिणीच्या हक्काने राहते आणि दिवाळीच्या सुमारास निरोप घेते. आमच्याकडे तिचे येणे म्हणजे परगण्यात कोणी अपरिचित वतनदार उतरण्यासारखे आहे. तो आला कोठून, त्याला सनद कोणाची, आणि त्याने नेमक्या आमच्याच ट्रंकेत ठाणे कां दिले, याची रीतसर चौकशी झाल्यावाचून गावाला चैन पडत नाही.

चौकशीअंती मी एक सिद्धान्त बसविला. १८८५ च्या सुमारास निरेचा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. पुढे पाणी इतके झाले की काही जमिनी चोपण होऊन बसल्या, आणि ज्यांचे आजोबा पाणी नाही म्हणून रडत होते त्यांचे नातू पाणी निघत नाही म्हणून रडू लागले. १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाला एक समुद्रच येऊन बसला. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरू लागले, तेव्हा आम्ही बारामतीकर दुर्बिणी लावून ते पाहावयास गेलो. परंतु त्याच दमट हवेचा हात धरून दुसरा एक पाहुणा आमच्या मूळ गावच्या घरात शिरला, त्याच्याकडे कोणाचीच दुर्बीण वळली नाही. असा माझा सिद्धान्त. आमच्या वहिनींचा सिद्धान्त असा की ट्रंक ज्या भिंतीला टेकून ठेवली होती, तिच्या पलीकडे न्हाणीघर आहे आणि त्याचा नळ अकरा वर्षे गळतो आहे. ऐतिहासिक कारणपरंपरेचा विचार करू जाणाऱ्याने घरातल्या बायकांशी चर्चा करू नये हे खरे. कारण पुढे भिंत फोडली तेव्हा त्यांचा सिद्धान्त बरोबर निघाला.

ट्रंकेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. आमच्याकडे पिढीजात कुलकर्ण होते. कुलकर्ण्याच्या घरात कागद ही धान्यासारखी वस्तू. ती नांदली पाहिजे, वाढली पाहिजे, आणि पाहुण्यास दिली तरी मोजून दिली पाहिजे. त्यात १८५२ साली इंग्रजांनी इनाम कमिशन बसवून ज्याने त्याने आपल्या इनामाचे कागद रुजू करावेत असे फर्माविले, आणि ज्यांच्या हाती कागद नव्हता त्यांच्या हातची जमीनही गेली. तेव्हापासून आमच्या घराण्यात असा धाक बसला की कागद म्हणून जे काही असेल ते फेकावयाचे नाही. मग ते शेतसाऱ्याची पावती असो, बैल हरविल्याची जाहिरात असो किंवा गावच्या वाण्याने मिठाची पुडी बांधून दिलेला तुकडा असो. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, मोडी वाचणारे एकेक करून गेले, परंतु कागद राहिले. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधार्थ गावोगाव हिंडत असत तेव्हा पुष्कळ घरांतून त्यांना ‘आमच्याकडे काही नाही’ हेच उत्तर मिळे. आमच्या पणजोबांनी ते उत्तर कोणी न विचारताच देण्याचा प्रघात ठेवला होता, असे सांगतात.

जुन्या वाड्यात हे दप्तर मोठ्या सुखात होते. वाडा माळवदाचा; हातभर मातीचे छत, दगडमातीच्या रुंद भिंती, उन्हाळ्यात गारवा आणि बारमाही कोरडेपणा. कागद जाड्याभरड्या कापडाच्या रुमालात बांधून माडीच्या खुंट्यांवर टांगलेले असत. जुन्या कागदाची जातच निराळी. पुणे जिल्ह्यातच जुन्नरला चिंध्यांचा हातकागद होत असे, त्याला खळ देऊन घोटीत, त्यावर काजळाची शाई बोरूने उतरवीत आणि बारीक वाळू टाकून ती टिपीत. दोनशे वर्षांपूर्वीचे एखादे पत्र उलगडले तर आजही चार कण वाळू हातावर पडते. आलेली खाजगी पत्रे, पाणीपट्टीच्या पावत्या आणि असला फुटकळ माल ओसरीवरच्या तारेत ओवलेला असे. एक जाड तार, तिचे खालचे टोक वळवून वर लाकडी चकती, आणि त्यावर एकावर एक भोसकलेली पोस्टकार्डे: ही त्या काळची फाइल. शेजारी चूल, चुलीचा धूर रात्रंदिवस, आणि वारा दारातून परसात वाहता. या तारेकडे कोणी कधी लक्ष दिले नाही, आणि हीच गोष्ट पुढे तिच्या पथ्यावर पडली.

मग आमचे चुलतबंधू अण्णा यांनी शेजारी स्लॅबचे घर बांधले. नव्या घरात माणसे आली, भांडी आली, आणि दप्तराच्या संरक्षणाची चिंताही आली. अण्णा हे स्वभावतः संरक्षणमंत्री. त्यांनी सगळे रुमाल सोडले, कागद युरियाच्या पोत्यातल्या आतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट भरले, पिशव्यांची तोंडे सुतळीने आवळली, वर डांबराच्या गोळ्या पेरल्या, तो सगळा ऐवज लोखंडी ट्रंकेत कोंबला, ट्रंकेला कुलूप घातले आणि किल्ली जानव्यात अडकविली. इतका बंदोबस्त शिवकालात एखाद्या किल्ल्याचा झाला असता तर तो सहसा पडला नसता. पुढे चौदा वर्षे ट्रंक उघडली नाही. मधल्या काळात कोणी तिचा विषय काढला की अण्णा नुसते जानवे चाचपून दाखवीत, आणि त्यातच सर्वांचे समाधान होई.

ती उघडण्याचा प्रसंग आला तो रस्त्याच्या रुंदीकरणामुळे. आमच्या मळ्याची एक पट्टी त्यात जाणार, तिचा मोबदला मिळणार, आणि मोबदला म्हटला की चार घरचे वारस, म्हणून वाटणीपत्र पाहणे अवश्य झाले. अण्णांचा मला बारामतीस फोन आला, “सगळे जण असल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही, नंतर कटकट नको.” आश्विनातल्या एका सकाळी मी एस. टी. ने इंदापूरच्या वाटेला लागलो.

कुलूप काढण्याचा विधी एखाद्या पंचनाम्याच्या इतमामाने झाला. पंच म्हणून आम्ही चौघे बंधू, साक्षीदार म्हणून ब्याऐंशी वर्षांच्या आत्या, आणि गावचे प्रतिनिधी म्हणून शेजारचे द्राक्षबागायतदार बापू. झाकण वर जाताच जो वास आला तो मी शब्दांत सांगू शकणार नाही. ओली माती, जुने ताक आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचा पश्चात्ताप यांचे मिश्रण केले तर कदाचित जवळपास जाता येईल. आत पाहतो तो पिशव्यांच्या अंतर्भागी घामाचे थेंब, आणि आमच्या घराण्याच्या तीनशे वर्षांच्या वैभवावर पांढरा, हिरवा, पिवळसर आणि मधूनमधून काळा असा मखमली गालिचा पसरलेला. डांबराच्या गोळ्या बिचाऱ्या कसरीवर पहारा करीत होत्या. बुरशी हे खाते त्यांच्याकडे नव्हते. कोणी काही बोलेना. अखेर आमचे धाकटे बंधू, जे बारामतीच्या कचेरीत वकिली करतात, त्यांनी मौन सोडले. ते म्हणाले, “चौदा वर्षे उघड, अखंड आणि निर्वेध कब्जा. मुदतीचा कायदा बाराच वर्षे मागतो. आता मालक तीच.”

“पापड असते तर मी केव्हाच फेकले असते,” वहिनी म्हणाल्या, आणि चहा ठेवावयास आत गेल्या.

येथे या नव्या मालकिणीच्या घराण्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ते आमच्यापेक्षा पुरातन आणि अधिक प्रतिष्ठित आहे. कागदावर नांदणाऱ्या बुरशीच्या ज्या अनेक शाखा आहेत त्यांपैकी एकीला आस्परजिलस म्हणतात. हे नामकरण फ्लॉरेन्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ साली केले; भिंगाखाली तिचा तुरा त्याला ख्रिस्ती देवळात तीर्थ शिंपडण्याच्या कुंचल्यासारखा दिसला. तिचे बीज खरबुजाच्या फोडीवर पेरून त्याने तीच बुरशी पुन्हा उगवून दाखविली, आणि बुरशी आपोआप होत नसून तिलाही आईबाप असतात हे सिद्ध केले. त्याच १७२९ साली जन्मलेले मोरोपंत पुढे बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाला आले आणि कऱ्हेकाठी त्यांनी एक ना दोन, एकशेआठ रामायणे लिहिली. एवढी रामायणे कशाला, असा प्रश्न समीक्षकांना पडत आला आहे. माझ्यापुरता तो त्या ट्रंकेपाशी सुटला. एकाला बुरशी लागली, दुसऱ्याला कसर आणि तिसऱ्याला वाळवी, तरी एकशेपाच शिल्लक राहतात. पंत व्यवहारी गृहस्थ होते. मिकेलीच्या शहरावर मात्र त्याच्या मानसकन्येने सूड उगविला: १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, लाखो ग्रंथ चिखलात गेले, आणि बुरशी चढण्यापूर्वी ते वाळविण्याची अशी काही धांदल उडाली की पुष्कळ ग्रंथ तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळवावे लागले. हे मी अण्णांच्या सांत्वनार्थ सांगितले. “आपल्याकडे तंबाखूची भट्टी नाही,” एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर उपायांची चर्चा सुरू झाली, आणि ज्या घरात चार पुरुष आहेत तेथे ती जशी व्हावयाची तशीच झाली. अण्णांनी चर्चेत वेळ न दवडता ओले फडके घेतले. बुरशीला ओल्या फडक्याने पुसणे म्हणजे आगीला रॉकेलने धुणे. परंतु हे ज्ञान आम्हांस नंतर झाले. फडके फिरताच मोडी पत्रावरची काजळी शाई, जी डिंकाच्या आधाराने दोनशे वर्षे निष्ठेने उभी होती, ती एका क्षणात मोकळी होऊन कागदभर हिंडू लागली. दुसरे पत्र निळ्या शाईचे. त्याचे आकाश झाले. तिसरी एक पावती होती, करड्या पेन्सिलीने लिहिलेली; तिच्यावर फडके लागताच ती जांभळ्या रंगात अशी काही फुलली की आत्यांनी हात जोडले. ती कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना साध्वी, ओली झाली की जांभळी. पाणी लागल्यावर खरा रंग दाखविणारे दस्तऐवज आमच्या कालव्याच्या मुलुखात असावेत, यात नवल नाही.

बापूंनी ट्रंकेत वाकून पाहिले आणि क्षणात निदान केले. “अण्णा, ही भुरीच हाय की! अन् हे काळं हाय ते डाऊनी. उद्या सकाळी टँकर घेऊन येतो, बोर्डो मारू, वरनं गंधकाची भुकटी.” बोरी-कळंबकडच्या द्राक्षबागांत ज्या आत्मविश्वासाने बापू फवारा मारतात त्याच आत्मविश्वासाने ते आमच्या पणजोबांच्या वतनाच्या सनदेवर मोरचूद व चुना मारावयास सिद्ध झाले होते. आम्ही हसलो. परंतु पुढे मला आठवले की पुस्तके बांधणारे बाइंडर खळीला बुरशी येऊ नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतात. म्हणजे बापूंचे औषध बरोबर होते, मात्रा तेवढी एकरी होती. या बोर्डो मिश्रणाची कुळकथाही मजेदार आहे. फ्रान्सात बोर्डो प्रांती वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडून त्या विद्रूप करून ठेवीत. त्याच वेली रोगातून वाचल्या हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरले आणि १८८५ त आपला शोध प्रसिद्ध केला. आमच्याकडे पाणी आले आणि तिकडे पाण्याच्या रोगाचे औषध सापडले, ती वर्षे एकच असावीत यात मला विधात्याची काही तरी कारकुनी चूक दिसते. दोन्ही हुकूम एकाच ठिकाणी पाठवावयाचे होते.

आत्यांचा सल्ला वेखंडाचा, कडुलिंबाच्या पाल्याचा आणि सापाच्या कातीचा. कात टाकलेला साप कोठे मिळेल याविषयी दोन पुतणे परसात शोधासही गेले. जुन्या पोथ्यांत या वस्तू ठेवीत हे खरे. परंतु त्या किड्यांना भिववीत, आणि बुरशीला नाक, डोळे किंवा भीती यांपैकी काहीच नाही. पोथीच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवतो ना, की मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नको. त्या चारांपैकी सैल बांधणी अण्णांनी टाळली होती, आणि तीच नेमकी हवी होती. बाकीच्या तिहींची सोय मात्र आमच्या घरी उत्तम झाली.

शेवटी सूत्रे माझ्याकडे आली, ती माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. नोकरीत असताना एका जुन्या मामल्याच्या कामी मी पुण्यातल्या पेशवे दफ्तरात काही दिवस खेपा घातल्या होत्या, म्हणून. १८९१ च्या सुमारास पुरी झालेली ती दगडी इमारत आणि तिच्या लोखंडी घडवंच्यांवरचे हजारो रुमाल ज्याने पाहिले आहेत, त्याला दोन गोष्टी समजतात: एक, मराठ्यांनी तलवारीपेक्षा बोरू कमी चालविला नाही, आणि दुसरी, कागदाला कुलूप नको असते, वारा हवा असतो. सरकारी दप्तरखान्यांतून बुरशीवर थायमॉलची धुरी देण्याची रीत होती. बंद कपाटात खाली विजेचा दिवा, त्यावर बशीत थायमॉलचे खडे, वर जाळीवर कागद. थायमॉल म्हणजे आपले ओव्याचे फूल. पोट दुखले तर माणसाला ओवा आणि बुरशी लागली तर कागदाला ओव्याचे फूल, ही आमच्या संस्कृतीची एकसूत्रता अण्णांना फार भावली आणि त्यांनी तत्काळ वहिनींजवळ ओव्याचा डबा मागितला. परंतु ओवा भाजून बुरशी जात नाही, शेजारी तेवढे जेवावयास येतात, आणि थायमॉलची वाफ माणसाच्या छातीला व कागदावरच्या काही रंगांनाही बरी नव्हे, म्हणून ती तजवीज मी रद्द करविली.

मग उरले ते अगदी साधे काम. प्रथम कागद हलवावयाचे नाहीत, फुंकावयाचे तर मुळीच नाहीत, कारण एका फुंकरीत बुरशीची लक्षावधी बीजे घरभर होतात व नाकात जातात. तोंडाला फडके बांधावयाचे. कागद सावलीत, वाहत्या हवेत एकेक सुटा पसरावयाचा. भिजट असेल तो टीपकागदात ठेवावयाचा. आणि बुरशी वाळून भुकटी झाली म्हणजे मऊ कुंचल्याने, अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, हलके हलके झाडावयाची. कडक ऊन तिला मारते हे खरे, पण त्याबरोबर शाईलाही मारते, म्हणून उन्हाला केवळ दर्शनापुरते बोलवावयाचे. डाग जात नाहीत. ते जावेत म्हणून ज्याने हट्ट धरला त्याच्या हाती डागांऐवजी भोक राहिले.

टीपकागद तालुक्यातून येईपर्यंत एका पुतण्याने शहाणपणाने जुनी वर्तमानपत्रे वापरली, आणि आजोबांच्या लग्नाच्या याददाश्तीवर ‘त्वरा करा, मर्यादित साठा’ अशी बियाण्याची जाहिरात उलट्या अक्षरांत उमटली. जे कागद अगदीच ओले होते आणि ज्यांची पाळी चार दिवस येणार नव्हती, त्यांना शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे असे मी सुचविले. थंडीने बुरशी मरत नाही, पण झोपते, आणि तेवढी सवड मिळते. वहिनींनी ते मान्य केले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. दोन दिवस आमचे इनाम मटारांच्या पिशवीशेजारी सुखाने नांदले. तिसऱ्या दिवशी शेजारचे पोर कुल्फी शोधीत आले आणि हातात एक कडक गारठलेले गहाणखत घेऊन, “काकू, ही कसली?” असे विचारते झाले. “बदामाची नाही,” वहिनी म्हणाल्या, “ठेव परत.”

खरा वेळ खाल्ला तो मात्र झाडण्याने नव्हे, वाचण्याने. दिवसाला चाळीस कागद निघतील असा मी हिशेब केला होता. पहिल्या दिवशी सहा निघाले. कुंचला फिरला, अक्षर दिसले, की हात थांबे आणि कोणी तरी मोठ्याने वाचू लागे. मग दुसरा म्हणे, थांब, हा कोणता गोविंद? आणि गोविंद ठरेपर्यंत जेवणाची वेळ होई. ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असा आरंभ असलेल्या एकूण एक पत्रांचे कारण उसने पैसे हेच होते. आमच्या घराण्याने कोणाकोणाला उपकृत केले याच्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. बुरशी झाडल्यावर दिसले की उपकार बहुतेक दुसऱ्यांनी आमच्यावर केलेले आहेत. वकील बंधूंनी हळूच सुचविले की असली पत्रे न झाडता तशीच राहू द्यावीत.

आणि मग आत्यांचे पत्र निघाले. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी त्यांना एक स्थळ पाहून गेले होते. वराच्या वडिलांचे ते अंतर्देशीय पत्र. मुलगी पसंत आहे, सुस्वभावी आहे, गृहकृत्यदक्ष आहे, ‘परंतु’... आणि परंतुनंतर पत्राची डिंक लावलेली कड, तिच्यावर काळाकुट्ट डाग, आणि डागाखाली एक अक्षर नाही. आत्यांचे लग्न पुढे दुसरीकडे झाले, त्यांना नातवंडे-पतवंडे आहेत. त्या स्थळाचे नावही त्यांना आठवत नव्हते. तरी त्या तीन दिवस अंगणात खुर्ची टाकून बसल्या. “परंतु काय, ते काढ,” असे त्या मला सांगत, आणि मी भिंग, तिरपा उजेड, मऊ रबर, सगळे करून पाहिले. चौथ्या दिवशी त्यांनी आपण होऊनच तो दावा निकालात काढला. “हुंडाच असणार,” त्या म्हणाल्या, “रंगाचं असतं तर त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं असतं.”

अखेर वाटणीपत्र सापडले. चौघे बंधू भोवती जमले. चतुःसीमा तपशीलवार लिहिलेली: पूर्वेस ओढा, दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता, पश्चिमेस अमक्याचे बांध, आणि उत्तरेस एक पांढरी ठिगळपट्टी, तिच्यावर हिरवी-काळी माळरानासारखी बुरशी. वाद उत्तरेचाच होता. असे कां झाले याचाही उलगडा लगेच झाला. त्या जागी कागद घडीवर विरला होता, म्हणून आजोबांनी मोठ्या काळजीने त्याला मागून पुढून कणकेच्या खळीने पट्टी चिकटविली होती. बुरशीला शाई आवडत नाही, इतिहास आवडत नाही; खळ आवडते, डिंक आवडतो, सरस आवडतो. म्हणून आमच्या ट्रंकेत तिने नेमके तेच खाल्ले होते जे कोणी तरी जपण्यासाठी चिकटविले होते: तिकिटांच्या पाठी, लखोट्यांच्या कडा, फाटक्या सनदेवरची अस्तरे. ज्या कागदांना कोणी हात लावला नव्हता ते झाडताच स्वच्छ निघाले.

उत्तर सीमेवरून संध्याकाळपर्यंत चर्चा झाली, तिचा वृत्तान्त देण्याचे प्रयोजन नाही. आमच्या भागात वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे, आणि बाहेरच्याला तो समजणार नाही. वकील बंधू एका कोपऱ्यात शांत बसले होते. चर्चा थंडावल्यावर त्यांनी सांगितले की वाटणीपत्र नोंदलेले आहे, तेव्हा निबंधकाच्या कचेरीत अर्ज दिला की फी भरून त्याची नक्कल मिळते. “मग हे पहिल्या दिवशी कां नाही सांगितलंस?” अण्णा कडाडले. “पहिल्या दिवशी,” ते म्हणाले, “मला कोणी विचारलं नाही. सगळे बुरशीत होते.”

नक्कल आठवड्याने मिळाली. उत्तरेस आमचीच दुसरी जमीन निघाली, म्हणजे वाद ज्यांच्याशी होता ते आम्हीच होतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी सहज जुन्या वाड्यात गेलो. माळवद एका बाजूने खचले आहे, ओसरीवर पाखरांची वस्ती आहे. परंतु खांबाला ती तार तशीच होती. धुराने काळीभोर झालेली, आणि तिच्यावर शंभर-सव्वाशे कागद, सगळ्यांच्याच लक्षातून उतरलेले. मी एकेक काढून पाहिला. पोस्टकार्डे, पाणीपट्टीच्या पावत्या, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर कोण कोण होते याची अण्णांच्या वडिलांनी करून ठेवलेली यादी, आणि एका नातेवाइकाचे तीन ओळींचे कार्ड, ‘येथे पाऊस नाही, तिकडे असल्यास कळवावे.’ कडा काजळीने तपकिरी झालेल्या, मध्ये तारेचे भोक. बाकी कागद खडखडीत, एकाही कागदावर बुरशीचा ठिपका नाही. उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार ओसरले म्हणजे पळसदेवचे पाण्यात गेलेले देऊळ बाहेर येते आणि लोक ते पाहावयास जातात. मला त्या तारेपुढे काहीसे तसेच वाटले, फक्त पाहावयास दुसरे कोणी नव्हते.

अण्णांना ती तार आणून दाखविली. त्यांनी चष्मा लावला, वरचे कार्ड वाचले, खालचे वाचले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. “याला प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवू या,” ते म्हणाले. वहिनींनी तार त्यांच्या हातून काढून घेतली आणि स्वयंपाकघराबाहेरच्या खिळ्याला अडकविली.

आता आमचे सगळे दप्तर मांजरपाटाच्या रुमालांत सैल बांधून माडीवरच्या उघड्या फळीवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवले आहे, आणि दर आश्विनात ते सोडून वाऱ्यावर पसरावयाचे असे ठरले आहे. न्हाणीघराचा नळ दुरुस्त झाला. ट्रंक रिकामी आहे. तीत वहिनी पत्रावळी ठेवतात आणि तिला कुलूप नाही. किल्ली मात्र अजून अण्णांच्या जानव्यालाच आहे.